डाइव्ह टेबल आणि डाइव्ह कॉम्प्युटर नेमका कसला हिशोब मांडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कूबाचा कोर्स पुरा करून आलेली माणसं साधारण त्याच त्या गोष्टी विचारतात. कोर्समध्ये टेबल, म्हणजे कुठल्या खोलीवर किती वेळ राहता येईल याचा तक्ता, वाचायला शिकवतात, पण त्यातले आकडे आले कुठून हे सहसा राहून जातं. ते इथे एकत्र लिहिलं आहे. उदाहरणांतली गणितं तत्त्व कळावं म्हणून दिली आहेत. डाइव्ह आखताना आपलं टेबल आणि आपला कॉम्प्युटरच बघा.

मी मालवणला फक्त पंधरा मिनिटांची "ट्राय डाइव्ह" करणार आहे. मला हे सगळं माहीत हवं का?

नको. इतक्या उथळ पाण्यात, इतक्या कमी वेळात अंगात भरणारा नायट्रोजन किरकोळ असतो. तुम्हाला एकच गोष्ट पाळायची आहे: वर येताना श्वास रोखायचा नाही. फुफ्फुसात कोंडलेली हवा दाब उतरला की फुगते, आणि त्याने इजा व्हायला दीड-दोन मीटर पाणीसुद्धा पुरतं. पुढचे प्रश्न कोर्स करणाऱ्यांसाठी आहेत.

शरीरात नायट्रोजन "भरतो" म्हणजे काय होतं?

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार. खाली दर १० मीटरला आणखी १ बार चढतो, म्हणजे २० मीटरवर एकूण ३ बार. रेग्युलेटर आपल्याला त्याच दाबाची हवा देतो, नाहीतर छाती फुगवताच येणार नाही. हवेत सुमारे ७९ टक्के नायट्रोजन. वर त्याचा वाटा ०.७९ बारचा, तर २० मीटरवर २.३७ बारचा. ऑक्सिजन शरीर वापरतं, नायट्रोजन वापरत नाही. तो फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून स्नायू, चरबी, सांधे, मज्जारज्जू अशा सगळीकडे विरघळत जातो, बाहेरचा आणि आतला दाब सारखा होईपर्यंत. वर येताना हीच वाट उलटी चालायची असते. भरायला वेळ लागला तसा रिकामं व्हायलाही लागतो, आणि सगळं त्रांगडं तिथेच आहे.

म्हणजे गोटी सोडा फोडल्यावर बुडबुडे येतात तसंच ना?

निम्मं बरोबर. बाटलीचा दाब एका क्षणात जातो आणि बुडबुडे लगेच उसळतात. शरीर जास्त सोशिक आहे. बाहेरच्या दाबापेक्षा आत थोडा जास्त नायट्रोजन असला तरी ते काही काळ निभावून नेतं. तसं नसतं तर दहा मीटरवरून कुणी धड वर आलंच नसतं. "थोडा जास्त" म्हणजे किती, या एका प्रश्नाभोवती गेली शंभरहून जास्त वर्षं ही सगळी विद्या फिरते आहे.

त्यात एक मेख आहे. १९७०च्या दशकात मेरिल स्पेन्सर यांनी डॉप्लर यंत्राने डायव्हर्सच्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकला, तेव्हा काहीही त्रास नसलेल्यांच्या शिरांतही बुडबुडे सापडले. टेबल पाळलं म्हणजे बुडबुडे झालेच नाहीत असं नव्हे. ते बहुतेक वेळा फुफ्फुसात गाळले जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

हाल्डेनच्या शेळ्यांची गोष्ट खरी आहे का?

अगदी खरी. पण सुरुवात पुलांपासून झाली. नदीच्या तळाशी पाया खणायला दाबाची हवा भरलेल्या मोठ्या पेट्या उतरवत, त्यांना कॅसॉन म्हणत. सेंट लुइसचा ईड्स पूल आणि न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल असे बांधले गेले. पाळी संपवून वर आलेले मजूर वेदनेने वाकून चालत, त्यावरून "बेंड्स" हे नाव पडलं. ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली याच आजाराने जायबंदी झाले. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाखवून दिलं की दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे. आता कारण कळलं होतं, पण किती वेगाने वर यायचं हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

ब्रिटिश आरमाराने ते काम जॉन स्कॉट हाल्डेन यांच्याकडे सोपवलं. त्यांनी शेळ्यांना लोखंडी चेंबरमध्ये दाबाखाली ठेवलं आणि दाब वेगवेगळ्या रीतीने उतरवून पाहिला. दुखायला लागलं की शेळी पुढचा एक पाय दुमडून वर धरायची. शेळी कुठे दुखतंय ते सांगत नाही, पण लंगडते प्रामाणिकपणे. हाल्डेन यांच्या ध्यानात आलं की २ बारमधून एकदम १ बारला आणलं तर कितीही वेळ आत ठेवलेली असो, सहसा त्रास होत नाही. त्यांनी अंदाज बांधला की महत्त्व फरकाला नाही, गुणोत्तराला आहे. दाब निम्मा होईपर्यंत सरळ वर या, मग टप्प्याटप्प्याने थांबत या. १९०६ मध्ये स्कॉटलंडमध्ये डेमंट आणि कॅटो हे नौदलाचे पाणबुडे या पद्धतीने २१० फुटांवर जाऊन सुखरूप आले. १९०८ मध्ये बॉयकॉट, डेमंट आणि हाल्डेन यांनी हे सगळं छापलं. आजची बहुतेक टेबलं त्याच घराण्यातली.

जाता जाता: या चाचण्यांच्या वेळी हाल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख घालून पाण्यात उतरला होता, आणि पोशाख गळत होता. तोच मुलगा म्हणजे जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ मध्ये ते भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

"टिश्यू कंपार्टमेंट" आणि "हाफ टाइम" सोप्या भाषेत सांगाल का?

स्वयंपाकघरात चला. पोहे चाळणीत धुतले की भिजले. साबुदाण्याला काही तास लागतात. हरभरे रात्रभर ठेवावे लागतात. पाणी तेच, पण प्रत्येकाचा मुरण्याचा वेग वेगळा. शरीराचंही तसंच आहे. ज्या भागात रक्त भरपूर खेळतं तिथे नायट्रोजन पटकन भरतो आणि पटकन निघतो. जिथे रक्त कमी, तिथे दोन्ही संथ.

हाल्डेन यांनी शरीराचे पाच कप्पे कल्पिले आणि त्यांना ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांचे हाफ टाइम दिले. हाफ टाइम म्हणजे उरलेल्या फरकातला निम्मा भरून निघायला लागणारा वेळ. ५ मिनिटांचा कप्पा पाच मिनिटांत ५० टक्के भरतो, दहा मिनिटांत ७५, पंधरा मिनिटांत ८७.५ टक्के. सहा हाफ टाइम झाले की ९८ टक्क्यांच्या वर, म्हणजे व्यवहारात पूर्ण. हा सहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हे कप्पे म्हणजे अवयव नव्हेत. "५ मिनिटांचा म्हणजे मेंदू, ७५ चा म्हणजे चरबी" अशी जोडी लावायचा मोह होतो, मीही सुरुवातीला लावायचो. पण शरीर उघडून बघितलं तर ४० मिनिटांचा कप्पा कुठेही सापडणार नाही. ती गणिताची सोय आहे.

एम-व्हॅल्यू म्हणजे काय? ती ओलांडली की बेंड्स होणारच का?

हाल्डेन यांनी सगळ्या कप्प्यांना दोनास एक हे एकच गुणोत्तर लावलं होतं. हवेत नायट्रोजन ७९ टक्केच, म्हणून नुसत्या नायट्रोजनपुरतं ते १.५८ होतं. पुढे अमेरिकन नौदलात ध्यानात आलं की लवकर भरणारे कप्पे याहून बरंच जास्त सोसतात आणि संथ कप्प्यांना जपावं लागतं. १९६५ मध्ये रॉबर्ट वर्कमन यांनी प्रत्येक कप्प्याला त्याची स्वतःची कमाल मर्यादा ठरवून दिली. तीच एम-व्हॅल्यू. पृष्ठभागावर पोहोचताना ५ मिनिटांच्या कप्प्यात साधारण ३.१५ बारपर्यंत नायट्रोजन चालतो, १० मिनिटांच्या कप्प्यात २.६७, तर २० मिनिटांच्या कप्प्यात २.१८.

आता ३० मीटरवर २० मिनिटं राहिलात असं धरा. तिथे नायट्रोजन ३.१६ बारचा. ५ मिनिटांचा कप्पा तोवर ३.०१ बारला, १० मिनिटांचा २.५७ ला आणि २० मिनिटांचा १.९८ ला पोहोचतो. ८० मिनिटांचा कप्पा जेमतेम १.१७ वर. सगळे आपापल्या रेषेच्या आत, पण पहिल्या दोघांकडे फारसा वाव उरलेला नाही. खाली रेंगाळलात तर आधी तेच रेषा ओलांडतील आणि वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील. जो कप्पा सर्वात आधी रेषेला टेकतो त्यावरून नो-डीको वेळ, म्हणजे सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल इतकी खाली राहायची वेळ, ठरते. खोल डाइव्हमध्ये तो मान बहुधा लवकर भरणाऱ्या कप्प्याचा, उथळ आणि लांब डाइव्हमध्ये संथ कप्प्याचा.

आणि नाही, ओलांडली की बेंड्स होणारच असं नाही. आत राहिलात म्हणजे होणारच नाही असंही नाही. पांढरं आणि काळं यांच्यामध्ये करड्या रंगाचा रुंद पट्टा आहे, त्यातून कुणीतरी अनुभवाने एक रेघ मारली आहे. कॉम्प्युटरवर उरलेल्या मिनिटांचा "१" दिसला की ठीक आणि "०" दिसला की संकट, असं शरीराला काही कळत नाही.

टेबलमधली ए, बी, सी अक्षरं कसली?

पहिल्या डाइव्हनंतर अंगात किती नायट्रोजन शिल्लक आहे याची ती खूण. कागदावर सगळे कप्पे मांडणं शक्य नाही, म्हणून टेबल करणारे एकच कप्पा निवडतात आणि दोन डाइव्हमधल्या विश्रांतीचा हिशोब त्याच्यावरच करतात. अमेरिकन नौदलाच्या जुन्या टेबलने त्यासाठी १२० मिनिटांचा कप्पा धरला. सहा हाफ टाइम म्हणजे १२ तास, म्हणून ते टेबल तुम्हाला १२ तासांनी "कोरे" मानायचं. १९८८ मध्ये आलेलं पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचं टेबल रेमंड रॉजर्स यांच्या कामावर उभं आहे. हौशी डायव्हर नौदलासारखे लांब डाइव्ह करत नाहीत, असं म्हणत त्यांनी ६० मिनिटांचा कप्पा घेतला. सहा गुणिले साठ मिनिटं, म्हणजे ६ तास. बदल्यात पहिल्या डाइव्हच्या मर्यादा आखडल्या: नौदलाच्या जुन्या टेबलवर १०० फुटांना २५ मिनिटं, पाडीच्या टेबलवर ३० मीटरला २०.

दोन टेबलांतले आकडे मिसळू नका, हे यावरूनच कळेल. एकाचं अक्षर दुसऱ्यात घातलं तर त्या अक्षराला अर्थच राहत नाही.

मग कॉम्प्युटर वेगळं काय करतो?

टेबल असं धरून चालतं की तुम्ही थेट सर्वात खोल जागी गेलात आणि सगळा वेळ तिथेच बसलात. खऱ्या डाइव्हमध्ये आपण पाच मिनिटं २५ मीटरवर असतो, मग खडकाच्या कडेने हळूहळू १२ वर येतो. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी दाब मोजतो आणि सगळ्या कप्प्यांचा हिशोब नव्याने मांडतो, म्हणून वेळ जास्त मिळतो. १९८३च्या सुमारास अमेरिकेत ऑर्का एज आणि युरोपात डेकोब्रेन ही यंत्रं बाजारात आली, तेव्हापासून हे मनगटावर शक्य झालं.

आज बऱ्याच कॉम्प्युटरच्या पोटात झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांचं गणित असतं. स्वित्झर्लंडमधली तळी उंच डोंगरांत, तिथे पृष्ठभागावरच दाब कमी. त्यामुळे उंचीवरच्या डायव्हिंगचा हिशोब त्यांना करावाच लागला. त्यांच्या झेडएच-एल१६ पद्धतीत १६ कप्पे आहेत, सर्वात चपळ ४ मिनिटांचा आणि सर्वात संथ ६३५ मिनिटांचा.

पण कॉम्प्युटरला कळतं काय? दाब आणि वेळ. फार तर पाण्याचं तापमान आणि टाकीतली हवा. तुम्ही रात्री बोटीवर जागलात, पाणी कमी प्यायलात, प्रवाहाविरुद्ध दमछाक केलीत, यातलं काही त्याच्या कानावर जात नाही. तो एका काल्पनिक डायव्हरचा हिशोब करतो आणि तो डायव्हर तुमच्याच खोलीवर होता एवढंच तुमचं त्याच्याशी नातं.

मी आणि माझा बडी (जोडीदार डायव्हर) एकत्र होतो, तरी दोघांचे कॉम्प्युटर वेगळे आकडे दाखवत होते. खरा कुणाचा?

कुणाचाच नाही, किंवा दोघांचा. करड्या पट्ट्यात दोन कंपन्यांनी दोन ठिकाणी रेघा मारल्या आहेत. काही ब्यूलमान वापरतात, तर सुंटोसारख्या कंपनीने ब्रूस वीन्के यांच्या आरजीबीएम या बुडबुड्यांचा विचार करणाऱ्या पद्धतीशी जोडलेलं गणित वापरलं. जो कमी वेळ देतो त्याचं दोघांनी ऐकावं. सरासरी काढणारेही भेटतात. त्यांच्याबरोबर डाइव्हला जाताना मी जरा विचार करतो.

ग्रेडिअंट फॅक्टर ४०/८५ असं लिहिलेलं असतं, ते काय?

एरिक बेकर यांनी काढलेली युक्ती. बाहेरचा दाब आणि एम-व्हॅल्यू यांच्यामधलं अंतर १०० टक्के धरायचं आणि त्यातलं किती वापरायचं ते आपण ठरवायचं. दुसरा आकडा पृष्ठभागावर पोहोचतानाचा. २० मिनिटांच्या वरच्याच कप्प्याचं उदाहरण: बाहेर १ बार, मर्यादा २.१८, अंतर १.१८. त्याच्या ८५ टक्के म्हणजे १.००, म्हणून तुमची नवी मर्यादा २ बारच्या आसपास. पहिला आकडा पहिला थांबा किती खोल घ्यायचा ते ठरवतो, आणि वर येता येता मर्यादा पहिल्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंत सरकत जाते. नो-डीको डाइव्ह करणाऱ्यांनी दुसऱ्याकडे लक्ष दिलं तरी पुरे.

डीप स्टॉप घ्यावेत की नाही?

याची मधे फार हवा होती. हवाईचे मत्स्यशास्त्रज्ञ रिचर्ड पाइल यांना जाणवलं की खोलवरून आणलेल्या माशांच्या पोटातला वायू सोडायला ज्या दिवशी ते मधेच थांबत, त्या दिवशी नंतर थकवा कमी असे. तिथेच डेव्हिड याउंट यांनी जिलेटिनमधले बुडबुडे अभ्यासून एक गणित बांधलं होतं, तेही खोल थांबेच सुचवत होतं. बुडबुडे लहान असतानाच दाबून ठेवा, असा विचार. ऐकायला पटतो.

मग अमेरिकन नौदलाने तो प्रत्यक्ष तपासला. १७० फुटांवर ३० मिनिटं, वर येण्याचा एकूण वेळ दोन्ही गटांना सारखा, फक्त थांब्यांची वाटणी वेगळी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खोल थांबे घेणाऱ्या गटात बेंड्स तिपटीहून जास्त निघाले. कारण पोह्या-हरभऱ्यांत आहे: खोल थांबलात की चपळ कप्पे रिकामे होत असतात, पण संथ कप्पे अजून भरतच असतात. तेव्हापासून तांत्रिक डायव्हिंगमध्ये फार खोल थांब्यांची ओढ ओसरली. आपल्यासारख्या हौशी डायव्हरला या वादाची झळ लागत नाही. आपला थांबा पाच मीटरवरचा.

तो पाच मीटरवरचा सेफ्टी स्टॉप सक्तीचा आहे का?

नो-डीको डाइव्हमध्ये गणित तो मागत नाही. तरी घ्याच, तीन मिनिटं. ३० वरून २० मीटरवर आलात तर दाब ४ चा ३ होतो. १० वरून वर आलात तर २ चा १, थेट निम्मा. सगळ्यात अवघड जागा शेवटच्या दहा मीटरमध्ये आहे आणि नेमकी तिथेच माणसं बोटीकडे बघून घाई करतात.

वर येण्याच्या वेगाचंही गमतीदार आहे. अमेरिकन नौदलाचा मिनिटाला ६० फूट हा जुना वेग शास्त्रातून आला नव्हता. जड पोशाखवाल्या पाणबुड्यांना दोराने इतक्या वेगात ओढणं जमत नव्हतं आणि मोकळ्या पोहणाऱ्यांना याहून वेगात यायचं होतं. मधली तडजोड झाली आणि सेकंदाला एक फूट हा हिशोब लक्षात ठेवायला सोपा होता. आज बहुतेक कॉम्प्युटर मिनिटाला ९ ते १० मीटरच्या वर गेलात की ओरडतात.

नायट्रॉक्स घेतला तर?

नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा. समजा ऑक्सिजन ३२ टक्के, म्हणजे नायट्रोजन ६८. ३० मीटरवर त्याचा दाब २.७२ बार, जो साध्या हवेवर २४ मीटरच्या थोडं पुढे मिळतो. पाडीच्या टेबलवर २५ मीटरला २९ मिनिटं आहेत, ३० ला २०. फायदा असा सरळ दिसतो. पण ऑक्सिजन जास्त दाबाखाली विषारी ठरतो, म्हणून या मिश्रणाची तळरेषा ३३ मीटरच्या आसपास. कॉम्प्युटर नायट्रॉक्सवर लावायला विसरलात तर तो हवा समजून कमी वेळ देईल, पण ही तळरेषाही दाखवणार नाही.

सगळं पाळूनही बेंड्स होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि झाला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. दर चार प्रौढांपैकी साधारण एकाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली जन्मापासूनची झडप पूर्ण मिटलेली नसते. एरवी कळतही नाही, पण त्यातून बुडबुडे फुफ्फुसाची गाळणी चुकवून पलीकडे जाऊ शकतात. खाली ऊब आणि वर येताना गारठा, हेही वाईट: भरताना रक्त जोरात खेळतं आणि निघताना मंदावतं.

डाइव्हनंतरच्या काही तासांत सांधेदुखी, मुंग्या, अंगावर लालसर-जांभळी जाळी, चक्कर, पाय जड होणं, लघवी अडणं यातलं काही वाटलं तर "बॅग उचलून खांदा भरला असेल" म्हणत झोपू नका. शंभर टक्के ऑक्सिजन लावा आणि रिकॉम्प्रेशन चेंबरशी (पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करतात त्या खोलीशी) संबंध असलेल्या डॉक्टरांना गाठा. पुन्हा पाण्यात उतरून स्वतः बरं व्हायचा प्रयोग करू नका.

कॉम्प्युटर भाड्याने घेतला तर चालतो ना?

चालतो, पण हातात घेतल्यावर आधी आतला इतिहास बघा. एकदा मला मिळालेल्या यंत्राने पहिल्याच डाइव्हला निम्म्याच्या आसपास वेळ दाखवला. सकाळच्या बोटीवर दुसऱ्या कुणीतरी त्याच्यावर दोन डाइव्ह केले होते आणि त्यांचा नायट्रोजन मी माझ्या मनगटावर वागवत होतो. तेव्हा चूक सुरक्षित बाजूची होती. उलटं झालं असतं, म्हणजे मी सकाळी दुसऱ्या यंत्रावर डाइव्ह करून दुपारी कोरं यंत्र घेतलं असतं, तर त्याने मला ताजातवाना समजून भरमसाट वेळ दिला असता. एक माणूस, एक कॉम्प्युटर, पूर्ण सहलभर.

शेवटच्या दिवशी डाइव्ह करून संध्याकाळी गोव्याहून विमान पकडू का?

नको. विमानातला दाब साधारण २४०० मीटर उंचीसारखा असू शकतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या पाऊण पट. तो आणखी एक "वर येणं"च आहे. एकच नो-डीको डाइव्ह असेल तर निदान १२ तास, बरेच डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर निदान १८ तास, आणि डीको थांबे घेतले असतील तर त्याहून बरेच जास्त, अशी सर्वमान्य शिफारस आहे. पोर्ट ब्लेअरहून सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशी दुपारनंतर पाण्यात उतरणं बंद.

आणि गाडीने? मालवणहून आंबोली घाटाने कोल्हापूरला?

हा प्रश्न परदेशी पुस्तकांत आपल्या घाटांच्या नावानिशी सापडत नाही, पण आपल्याकडे खरा आहे. आंबोली सुमारे ७०० मीटरवर. तिथे दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ८ टक्क्यांनी कमी. विमानातल्या पंचवीसच्या मानाने थोडा, पण शून्य नाही, आणि डायव्हिंगमध्ये ३०० मीटरच्या वरची उंची हिशोबात धरतात. एखादा उथळ डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढणाऱ्याला चिंतेचं फारसं कारण नाही. पण दिवसभरात दोन-तीन खोल डाइव्ह, मर्यादेच्या काठावर, आणि लगेच गाडी काढायची असेल तर मी ती रात्र खालीच काढतो. सकाळी सिंधुदुर्ग किल्ला बघून होतो, मासळीचं जेवण होतं आणि घाट दुपारनंतर चढता येतो.